तेल भरण्यातली काटकसर महागात पडते

आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंपैकी पुष्कळांची रोजी टेंपो, पिकअप, रिक्षा किंवा स्कूटरवर चालते. बेकरीचा माल असो, फर्निचर असो की मंडईतली फळे असोत, गाडी थांबली की धंदा थांबतो. तरीही गाडीत तेल भरण्याच्या बाबतीत आपण फार बेफिकीर आहोत, असे आम्हाला दिसते.

पहिली खोड दोनशे-तीनशेचे तेल टाकून दिवस ढकलण्याची. मालक ड्रायव्हरच्या हातावर मोजके पैसे ठेवतो आणि काटा सतत लाल रेघेवर राहतो. यात पैसा वाचत नाही, कारण लिटरचा भाव तोच असतो. उलट डिझेल संपले की लाइन एअर पकडते. मग मिस्त्रीने एअर काढल्याशिवाय बहुतेक गाड्या चालू होत नाहीत. नव्या पेट्रोल गाड्यांत पंप टाकीतच असतो आणि भोवतीच्या पेट्रोलमुळे तो थंड राहतो. टाकी नेहमी कोरडी ठेवली तर तो लवकर निकामी होतो. शिवाय भरलेली गाडी रात्री घाटात बंद पडली तर जीव ड्रायव्हरचा धोक्यात येतो. तो जीव मालकाकडे अमानत आहे. म्हणून टाकीत पाव हिस्सा तेल उरले की पंपावर जायचे, हा नियम मालकानेच घालून द्यावा आणि तेवढे पैसेही द्यावेत.

दुसरी खोड याच्या उलट. नोझल आपोआप बंद झाल्यावरही 'राऊंड फिगर करा' म्हणून काठोकाठ भरून घेण्याची. उन्हात तेल फुगते आणि त्याला जागा लागते. पेट्रोल उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेण्याजोगी वाफ सोडते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. तेव्हा इंजिन बंद, विडी-सिगारेट बंद, स्कूटरवरून सर्वांनी खाली उतरावे. मोबाइलने पैसे द्यायचे तर नोझलपासून दूर जाऊन द्यावेत. सीएनजी सुमारे 200 बार दाबाने भरतात, म्हणून भरताना मुलाबाळांसह सर्वांना गाडीतून उतरवावे. सिलिंडरची तपासणी दर 3 वर्षांनी करून घ्यावी. 'अल्लाह मालिक आहे' म्हणून ती टाळणे हा तवक्कुल नव्हे, निष्काळजीपणा आहे.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 गाड्या आल्या. त्यातील अनेक डिझेल गाड्यांना युरियाच्या द्रावणाची वेगळी, निळ्या झाकणाची टाकी असते. ते द्रावण डिझेलच्या टाकीत गेले, किंवा डिझेल गाडीत पेट्रोल पडले, तर किल्ली फिरवू नये. गाडी ढकलून बाजूला घ्यावी आणि टाकी रिकामी करवून घ्यावी. किल्ली फिरवली की टाकीपुरता खर्च इंजिनपर्यंत जातो. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी ओढते. म्हणून पावसाळ्यापूर्वी टाकीच्या झाकणाचे रबर तपासावे.

तिसरी गोष्ट मापाची. मीटरवर शून्य पाहिल्याशिवाय नोझल लावू देऊ नये आणि पावती घ्यावी. शंका आली तर 5 लिटरच्या प्रमाणित मापाने मोजून मागावे, पेट्रोलची फिल्टर पेपर चाचणी मागावी, घनता विचारावी. हा ग्राहकाचा हक्क आहे, त्यात भांडण नाही. मापात मारणाऱ्यांना कुरआनने सूरह मुतफ्फिफीनमध्ये कडक ताकीद दिली आहे. ती पंपवाल्याला जितकी लागू आहे, तितकीच आपल्या दुकानातल्या तराजूलाही.

आमची सूचना साधी आहे. गाडीत एक वही ठेवावी आणि दर वेळी तारीख, लिटर व किलोमीटर लिहावेत. ॲव्हरेज घटले की वही आधी सांगेल, गॅरेजचे बिल नंतर. दुकानाचा हिशेब रोज लिहिणाऱ्यांना हे अवघड नाही.