नारळ पुरे, आता इस्टिमेट दाखवा

वाशीम शहरातल्या पेठा, नगरे, कॉलन्या आणि ले-आउटमधल्या रहिवाशांनो,

चौकातला फ्लेक्स एकदा थांबून नीट वाचा. ‘सिमेंट रस्ता व नाली बांधकामाचे भूमिपूजन.’ वर दोन-तीन मोठे चेहरे, खाली पासपोर्ट फोटोंची रांग, मध्ये ‘यांच्या अथक प्रयत्नांतून’ आणि ‘यांच्या शुभहस्ते’. आता सांगा, कामाबद्दल काय कळलं? रस्ता कुठून कुठपर्यंत? किती रुंद, किती जाड? ठेका कोणाचा? पूर्ण कधी व्हायचा? वर्षभरात उखडला तर पदरच्या पैशाने कोण दुरुस्त करणार? एका प्रश्नाचंही उत्तर त्या फ्लेक्सवर नाही. ज्यांचं नाव आणि फोटो आपल्याला आधीच पाठ आहे, तेवढंच तिथे पुन्हा छापलेलं आहे.

विकासाची माहिती म्हणून आपल्याला मिळतं ते एवढंच. आमचं म्हणणं थोडक्यात हे की, ही माहिती नाही, जाहिरात आहे. कामाची माहिती म्हणजे अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका आणि दोष-दायित्वाची, म्हणजे ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची, मुदत. हे कागद ज्या गल्लीचं काम आहे त्या गल्लीत लागले पाहिजेत: मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी काम होईल तशा, बाकी तीन पहिलं फावडं पडण्याआधी. ते लागत नसतील तर भूमिपूजनाला गर्दी करायला आपण जायचं नाही.

‘निधी खेचून आणला’ या शब्दांचंही एकदा बघू. आमदारांना स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपये मिळतात, खासदारांनाही ५ कोटी. जिल्हा नियोजन समितीचा पैसा वेगळा, नगरोत्थान योजनेचा वेगळा, वित्त आयोगाचा वेगळा, वस्ती सुधार योजनांचा वेगळा. यातला एक रुपयाही कोणाच्या शेतातून आलेला नाही. माचिसच्या पेटीवर, मोबाइलच्या रिचार्जवर, ट्रॅक्टरच्या टायरवर आपण जो कर भरतो, तोच फिरून येतो. ज्यानं पाठपुरावा केला त्याचे आभार मानायला हरकत नाही. पाठपुरावा हे कामच आहे, आणि ते न करणारेही बरेच असतात. पण आभाराच्या बदल्यात हिशेब सोडून द्यायचा, हा व्यवहार आपल्याला कोणी शिकवला?

हिशेब देता येतो, याचा पुरावा शोधायला मुंबई-पुण्याला जायला नको. आपल्यातल्या निम्म्या लोकांचं गाव रिसोड, मालेगाव, मानोरा नाहीतर मंगरुळपीर तालुक्यात आहे. दिवाळीला गावी जाताना प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा रस्ता लागला तर गाडी थांबवा आणि कडेचा बोर्ड वाचा. रस्त्याची लांबी, किंमत, ठेकेदाराचं नाव, काम सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख, कोणता थर किती जाडीचा, आणि पुढच्या ५ वर्षांच्या देखभालीचा खर्च वर्षवार. ही योजना २००० सालची. म्हणजे दोनशे उंबऱ्यांच्या गावातल्या माणसाला जे पंचवीस वर्षांपासून रस्त्याच्या कडेला लिहून मिळतं, ते जिल्ह्याच्या ठिकाणी घर बांधलेल्या, घरपट्टी भरणाऱ्या, शिकलेल्या माणसाला मागूनही मिळायला जड जातं. गावाकडचा माणूस ग्रामसभेत उभा राहून सरपंचाला विचारू शकतो. शहरात आल्यावर आपण विचारायचं कुठे? पाटणी चौकात उभं राहून?

आणखी एक गंमत बघा. २०१८ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, त्यात महाराष्ट्रातले नंदुरबार, गडचिरोली, तेव्हाचं उस्मानाबाद आणि आपला वाशीम हे चार जिल्हे. आरोग्य, शिक्षण, शेती, पायाभूत सुविधा अशा विषयांवरच्या ४९ निर्देशांकांवर या जिल्ह्यांची प्रगती मोजायची आणि क्रमवारी जाहीर करायची, असं ठरलं. म्हणजे जिल्ह्याची नाडी दिल्लीला कळते. आपल्या गल्लीतली नाली कोणत्या वर्षी, किती रुपयांत बांधली, हे मात्र गल्लीला कळत नाही.

आता कामाकडे येऊ, कारण खरा घोळ तिथेच आहे आणि तो साध्या डोळ्यांनी दिसतो.

आपली जमीन काळी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीवर नुसती गिट्टी पसरून वर काँक्रिट ओतलं तर खालची जमीन हलते आणि वरची पाटी तडकते. म्हणून काळी माती खोदून काढायची, चांगला मुरूम भरायचा, पाणी मारून रोलरने दाबायचा, मग बेस, आणि त्यावर काँक्रिट. अंदाजपत्रकात या प्रत्येक गोष्टीचा वेगळा दर आणि वेगळं परिमाण असतं. खोदाई किती घनमीटर, मुरूम किती घनमीटर, काँक्रिट किती. जमिनीखाली गेलेलं काम नंतर कोणालाच दिसत नाही. चोरी व्हायची तर ती तिथेच होते. म्हणून काँक्रिटच्या दिवशी फोटो काढायला जाण्यापेक्षा खोदाईच्या दिवशी गेलेलं बरं.

जाडी मोजायला इंजिनिअर लागत नाही. रस्त्याच्या दोन्ही कडांना लोखंडी चॅनल उभे करतात, त्यांच्या उंचीएवढी रस्त्याची जाडी असणार असं आपण धरतो. पण मधला मुरूम वर चढवून ठेवला असेल तर कडेला सहा इंच आणि मधोमध चार असा रस्ता तयार होतो. कडेला टेप लावला तर सगळं बरोबर! काँक्रिट पडण्याआधी या चॅनलपासून त्या चॅनलपर्यंत एक दोरी ताणून धरा आणि मध्ये, दोन-तीन ठिकाणी, दोरीपासून खालपर्यंत टेप सोडा. दोन मिनिटांचं काम आहे. आकडा वहीत लिहा, टेपसकट फोटो काढा. कामावरचे लोक हसतील. हसू द्या.

मग मिक्सरमधलं पाणी. काँक्रिट पातळ केलं की ते आपोआप पसरतं, मजुरांचे हात वाचतात, पण ताकद जाते. एम-२०, एम-३० असं जे लिहिलेलं असतं तो त्या ताकदीचाच आकडा: १५ सेंटीमीटरचे ठोकळे त्याच मालातून भरून २८ दिवसांनी दाबयंत्रात फोडतात, तेव्हा तेवढा भार सोसला पाहिजे. ठोकळे आपल्यासमोर भरले का, कोणत्या तारखेला, कोणत्या प्रयोगशाळेत गेले, अहवाल काय आला, हे विचारायचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. दुसऱ्या दिवशी कटरने आडव्या खाचा पाडल्या का तेही बघा. वेळेवर खाच पाडली नाही तर काँक्रिट स्वतःच्या मर्जीने तडकतं. आणि तराई. निदान १४ दिवस रस्ता ओला राहिला पाहिजे, वाफे करून नाहीतर ओली पोती टाकून. आपल्या उन्हात मार्च-एप्रिलमध्ये केलेला रस्ता दिवसातून एकदा टँकर फिरवून पिकत नाही. मार्चअखेरीस निधी संपवायचा म्हणून कामांची घाई होते आणि नेमकं तेव्हाच पाणी कमी असतं, ही जुनी रड आहे. एकबुर्जी धरणाच्या पाण्यावर जगणाऱ्या शहराला ती वेगळी सांगायला नको. तराईचं पाणी कुठून येणार, हे कार्यादेश देण्याआधी ठरलं पाहिजे, नाहीतर काम पावसाळ्यानंतर घ्या. आम्ही थांबू.

जुन्या पेठांमधलं दुखणं निराळं. तिथे रस्त्यावर रस्ता चढतो. पहिला डांबरी, त्यावर दुसरा डांबरी, त्यावर सिमेंट. प्रत्येक वेळी रस्ता चार-सहा इंच वर येतो आणि घरं तिथेच राहतात. ज्या वाड्यात चढून जायला दोन पायऱ्या होत्या, तिथे आज उतरून जावं लागतं. जोराचा पाऊस झाला की नालीचं पाणी उंबरा ओलांडून घरात. म्हातारी माणसं रात्रभर उंबऱ्याशी गोणपाट लावून बसतात. हा रस्ता मोजमापात पूर्ण असतो, देयक निघतं, फ्लेक्सही लागतो. घर बुडालं याचा कॉलम मोजमाप पुस्तिकेत नाही. जुना थर खरवडून मगच नवा टाकायचा आणि आधी लेव्हल काढून जोत्याची उंची नोंदवायची, ही अट अंदाजपत्रकात नसेल तर असल्या रस्त्यापेक्षा खड्डे परवडले.

पाइपलाइन, नाली, रस्ता हा क्रमही आपण बोलून ठेवला पाहिजे. नवा रस्ता झाला की महिन्याभरात कोणीतरी नळजोडणीसाठी किंवा केबलसाठी तो फोडतो, ही प्रत्येक शहराची कहाणी. रस्त्याच्या कामाला मान्यता देण्याआधी जमिनीखालची कामं संपल्याचा दाखला लागला पाहिजे. यात मोठं शास्त्र नाही, तीन टेबलांवरच्या साहेबांनी एकदा एकत्र बसायचं आहे.

ले-आउटमध्ये प्लॉट घेतलेल्यांना वेगळं सांगायचं आहे. तुमच्या ले-आउटमधले रस्ते आणि ओपन स्पेस नगरपरिषदेकडे हस्तांतरित झाले आहेत का, हे आधी तपासा. प्लॉट विकताना नकाशात रस्ते, नाल्या, पथदिवे, बगिचा सगळं होतं. मालक प्लॉट विकून मोकळा झाला, हस्तांतरण झालंच नाही, आणि मग ‘तुमचा ले-आउट आमच्याकडे नाही’ हे उत्तर दहा-दहा वर्षं ऐकावं लागतं. लाखाळ्यापासून पुसद नाक्यापर्यंत शहर चारी बाजूंनी वाढलं. वाढताना कागद मागे राहिले. ओपन स्पेसवर तर आधी मंदिराचा ओटा, मग शेड, मग कोणाची तरी गाडी, असं होत जातं. त्याची मोजणी आत्ताच करून घ्या.

आपलंही थोडं बोलायला हवं. नालीवर ओटा आपणच वाढवतो. घराचं बांधकाम झाल्यावर उरलेला मलबा आपणच नालीत लोटतो. ठेकेदाराकडून दारासमोरचा रॅम्प फुकट करून घेतला की जाडीबद्दल बोलायला तोंड उरत नाही. आणि ‘आपल्या गल्लीचं झालं ना, मग झालं’ हे वाक्य तर ठेकेदाराला सगळ्यात जास्त आवडत असेल. समृद्धी महामार्गावर शेलूबाजारला चढलो की गाडी १२० ने पळते, याचं आपल्याला केवढं कौतुक! तिथून घरी पोहोचताना शेवटच्या दोनशे मीटरला पहिला गिअर टाकावा लागतो, त्याबद्दल आपण गप्प.

विचारायचं कसं, याचा रस्ता कायद्याने करून ठेवलेला आहे. राजस्थानात १९९४ च्या डिसेंबरपासून मजूर किसान शक्ती संघटनेने गावोगाव जनसुनवाया घेतल्या. कामांची बिलं आणि हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचले. न झालेली कामं, न आलेले मजूर कागदावर सापडले. १९९६ मध्ये ब्यावरला लोक चाळीस दिवस धरणं धरून बसले, मागणी एकच, कागदाची झेरॉक्स. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनांनी तीच मागणी रेटली आणि २००५ मध्ये देशाचा माहिती अधिकार कायदा आला. त्याच्या कलम ४ प्रमाणे अंदाजपत्रकं, नियोजित खर्च, दिलेली रक्कम ही माहिती कार्यालयाने कोणी मागण्याआधीच जाहीर करायची आहे. कलम २ तर याहून पुढे जातं: कामाची प्रत्यक्ष पाहणी करता येते, आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना मागता येतो. रस्त्याच्या काँक्रिटचा तुकडा, शिक्क्यासह!

शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूदही आहे. राज्याने २००९ मध्ये महानगरपालिका आणि नगरपरिषदांच्या कायद्यांत दुरुस्ती करून प्रभागातल्या मतदारांची सभा कायद्यात आणली. प्रभाग समित्या ३ लाखांहून मोठ्या शहरांनाच बंधनकारक आहेत, २०११ च्या जनगणनेत वाशीम ऐंशी हजारांच्या आत होतं, म्हणून आपल्यासाठी क्षेत्रसभाच कामाची. मध्यंतरी राज्यात कितीतरी नगरपरिषदांवर प्रशासक होते, तेव्हा ‘लोकप्रतिनिधीच नाहीत’ हे कारण चालून गेलं. ६ मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर निवडणुकांचा मार्ग मोकळा झाला आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात नगरपरिषदांसाठी मतदान झालं. आता ते कारण संपलं. मत मागायला जे दारात आले, त्यांनी तीन महिन्यांतून एकदा सभेत यावं, प्रभागातल्या प्रत्येक कामाची फाइल टेबलावर ठेवावी. चहा आम्ही देऊ.

तोपर्यंत खालचा मजकूर कोऱ्या कागदावर उतरवून घ्या. अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत ठेवायचा असतो, म्हणून जेवढं लागतं तेवढंच लिहिलं आहे.

‘प्रति, जन माहिती अधिकारी. विषय: (रस्त्याचे नाव, कुठून कुठपर्यंत) येथील सिमेंट रस्ता व नालीचे काम. या कामाचे मंजूर अंदाजपत्रक, तांत्रिक व प्रशासकीय मान्यता, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी, ठोकळे चाचणीचे अहवाल, अदा केलेली देयके, राखून ठेवलेली सुरक्षा ठेव व दोष-दायित्व कालावधी संपण्याची तारीख यांच्या प्रती द्याव्यात. कामाची प्रत्यक्ष पाहणी करावयाची आहे व काँक्रिटचा प्रमाणित नमुना हवा आहे. त्यासाठी दिनांक व वेळ कळवावी.’

खाली नाव, पत्ता, सही. वर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट; दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर त्याची प्रत जोडा, तिकीट लागत नाही. आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत अमरावतीला माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे दुसरं. एका गल्लीतून एकच अर्ज गेला तर तो माणूस ‘तक्रारखोर’ ठरतो. म्हणून प्रत्येक घरातून एक, वेगवेगळ्या कामाचा, आणि जमलं तर एकाच सोमवारी.

— वाशीम शहरातील काही घरपट्टीदार