पत सुधारून देणाऱ्यांपासून सावध!



केळीचा नवा बाग लावायचा, ठिबकच्या नळ्या बदलायच्या, कपाशीला खत द्यायचे, म्हणजे हाती भांडवल हवे. जसोंडी काय किंवा बुऱ्हाणपूरच्या आसपासचे कोणतेही गाव काय, बँकेच्या वा सोसायटीच्या कर्जावाचून हंगाम उभा करणारे शेतकरी थोडेच. अशा वेळी बँकेतून उत्तर मिळते, "तुमचा सिबिल खराब आहे." हे चार शब्द ऐकून माणूस खाली मान घालून बाहेर पडतो. नेमका तेव्हाच कोणीतरी फोनवर किंवा बाजारात गाठून म्हणतो, "काळजी करू नका, आठ दिवसांत सिबिल साफ करून देतो. अगोदर फी भरा." अशा माणसाला एक पैसाही देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते का, हे नीट समजून घेऊ.

सिबिल हे मुळात एका कंपनीचे नाव. ती २००० साली स्थापन झाली. आज आपल्या देशात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. २००५ च्या कायद्याखाली त्या चालतात व रिझर्व्ह बँक त्यांच्यावर देखरेख ठेवते. आपण कोणते कर्ज घेतले, हप्ता कधी भरला, कधी चुकला, हे बँका त्यांना कळवितात. त्यावरून ३०० ते ९०० या दरम्यान गुण दिले जातात. कंपनी आपल्या मनाने काही लिहीत नाही. बँक कळविते तेच लिहिते.

तेव्हा आपल्या नावावरील वाईट नोंद दोनच प्रकारची असू शकते. एक खरी, दुसरी चुकीची. हप्ता खरोखरच थकला असेल, तर ती नोंद कोणालाही पुसता येत नाही. अशी माहिती किमान ७ वर्षे जपून ठेवावी, असा नियमच आहे. आणि नोंद चुकीची असेल, तर ती दुरुस्त करून घेण्यास काही खर्च नाही. मग हा मध्यस्थ फी घेतो ती कशाची? जे होणार नाही त्याची, किंवा जे फुकट होते त्याची!

फीपेक्षाही मोठा धोका पुढे आहे. तो आधार, पॅन, ऋण पुस्तिका, सही केलेले कोरे चेक आणि मोबाईलवर आलेला ओटीपी मागतो. एवढे हाती आल्यावर आपल्या नावावर दुसरेच कर्ज उचलणे त्याला अवघड नाही. जुने दुखणे बरे करण्यास गेलो आणि नवे घेऊन आलो, असे होते.

मग करावे काय? प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल गुणांसह फुकट द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. घरातील शिकलेल्या मुलाला वा मुलीला जवळ बसवून कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून तो मागवावा. फेडलेले कर्ज थकीत दिसते काय, न घेतलेले कर्ज आपल्या नावावर आहे काय, आपण ज्याला जामीन राहिलो त्याने हप्ते भरले काय, हे पाहावे. चूक आढळल्यास कंपनीकडे व बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत निकाल न लागल्यास पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई द्यावी, असा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तेथेही फी नाही. फसवणूक झालीच असेल, तर लाज न बाळगता त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर कळवावे.

नोंद खरी असेल, तर उपाय एकच: बँकेत जाऊन बोलावे, थकबाकी फेडावी आणि 'नो ड्यूज'चा दाखला घेऊन तो जपावा. तडजोडीने कमी रक्कम भरली, तर खाते 'पूर्ण फेडले' असे न दिसता 'तडजोड' असे दिसते, हे सहीपूर्वी ध्यानात घ्यावे. पुढचे हप्ते वेळेवर गेले की गुण हळूहळू चढतात. ज्याने कधी कर्जच घेतले नाही, त्याला केवळ जुनी नोंद नाही म्हणून नाकारू नये, असेही रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले आहे.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. थकबाकीदार झालेला प्रत्येक शेतकरी बुडवा नसतो. डिसेंबर २०१८ मध्ये आपल्या राज्यात २ लाखांपर्यंतच्या कर्जमाफीचा आदेश निघाला. माफी होणार म्हणून कित्येकांनी भरणा थांबविला, आणि ज्यांच्यापर्यंत ती पोहोचली नाही त्यांचे व्याज चढत गेले. शेवटी २०२३ साली राज्य सरकारला सोसायट्यांच्या थकबाकीदारांसाठी व्याजमाफीची योजना आणावी लागली. आश्वासने देणाऱ्यांचे गुण कोणी मोजत नाही. शेतकऱ्याचे मात्र मोजले जातात. म्हणून बँकांनी व सोसायट्यांनीही अर्जदाराला नुसते "सिबिल खराब" म्हणून परत पाठवू नये. कोणती नोंद, कोणत्या वर्षाची, ती कशी निघेल, हे कागदावर लिहून द्यावे. तेवढे केले, तर मध्यस्थाचा धंदा आपोआप बसेल.

१८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. वही सावकाराच्या घरात, आणि तीत काय लिहिले ते कुळाला वाचता येत नसे, हे त्या संतापाचे एक मोठे कारण होते. आज आपल्या नावाची वही पाहण्याचा हक्क कायद्याने आपल्याला दिला आहे. तो न वापरता तिऱ्हाईताला पैसे देणे, म्हणजे ती वही पुन्हा दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवणे होय.

कर्ज थकणे ही अडचण आहे, पाप नव्हे. ती लपवू नये. घरात बोलावे, शेजाऱ्याला विचारावे, आणि कोठेही पैसे वा ओटीपी देण्यापूर्वी चार माणसांचा सल्ला घ्यावा.