दुखरा खांदा : शेक, मर्दन की व्यायाम?

पानिपत हे नाव उच्चारताच मराठी माणसाला १४ जानेवारी १७६१ चा दिवस आठवतो. परंतु तेथे वास्तव्य करणाऱ्याला ते प्रथम विणकरांचे गाव म्हणून भेटते. १९४७ च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या विणकरांनी तेथे आपले माग मांडले आणि पानिपतच्या सतरंज्या व चादरी देशोदेशी पोचल्या. आज तेथे यंत्रमाग पुष्कळ झाले, तरी हाताचे काम अद्याप संपलेले नाही.

तेथील एका वाचक भगिनीने आपल्या शेजारच्या विणकराची हकीकत कळविली आहे. गृहस्थ पन्नाशीचे. लोखंडी पंजाने बाणा ठोकून सतरंजी विणणे हा त्यांचा व्यवसाय. गेले आठ महिने उजवा खांदा दुखतो. रात्री त्या कुशीवर निजता येत नाही. कोणी तेलाचे मर्दन सुचविले, कोणी यंत्राचा शेक, तर कोणी इंजेक्शन. "हात हलवू नका" हे मात्र सर्वांनीच बजावले. त्यांनी महिनाभर हात गळ्यात बांधून ठेवला. दुखणे गेले नाही, उलट खांदा अधिक आखडला. शेकासाठी रोज जावे तर त्या दिवसाची मजुरी बुडते. यांतले खरे कोणते मानावे, असे या भगिनी विचारतात.

प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे. परंतु या विषयावर जे संशोधन झाले आहे ते सोप्या भाषेत मांडणे हे या सदराचे कामच आहे.

प्रथम खांद्याची रचना पाहू. बाहूच्या हाडाचा गोल माथा मोठा आणि त्याची खोबण उथळ. म्हणूनच हात सर्व दिशांना फिरतो. पण सांधा स्थिर राखण्याचा बराचसा भार भोवतीच्या चार लहान स्नायूंवर पडतो. दीर्घकाळच्या दुखण्याचे दोन प्रकार विशेष आढळतात. एकात हे स्नायू व त्यांचे कंडरे दुखावलेले असतात. दुसऱ्यात सांध्याचे आवरणच आकसते. त्याला 'गोठलेला खांदा' म्हणतात. अमेरिकन शल्यविशारद कॉडमन यांनी १९३४ मध्ये हे नाव रूढ केले. मधुमेही माणसांना तो अधिक होतो. दोहोंतील एक ढोबळ भेद असा : स्वतःला हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने हळुवार उचलल्यास तो वर जातो, तर दोष बहुधा स्नायूंचा. दुसऱ्यानेही उचलता येत नाही, आणि कोपर अंगाशी ठेवून हात बाहेर वळविताच अडतो, तर सांधा गोठला असण्याचा संभव अधिक.

आता उपचारांची तुलना करू. मर्दन आणि शेक यांनी बरे वाटते, ते खोटे नाही. पण तो आराम थोड्या काळाचा असतो. ध्वनिलहरींच्या यंत्राने व्यायामाहून काही विशेष अधिक साधते, याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. मजुरी बुडवून केवळ यंत्रासाठी रोज जाणे म्हणूनच परवडणारे नव्हे.

व्यायामाविषयी २०२१ मध्ये ब्रिटनमधील एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. स्नायूंच्या दुखण्याचे ७०८ रुग्ण तीत होते. काहींना तज्ज्ञाकडे सहा वेळांपर्यंत बोलावून क्रमाक्रमाने वाढता व्यायाम दिला. इतरांना एकदाच नीट समजावून घरी करावयाचा व्यायाम दिला. वर्षअखेर दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. इंजेक्शनचा लाभही आरंभीच्या काही आठवड्यांपुरताच, आणि तोही थोडा ठरला. गोठलेल्या खांद्याच्या ५०३ रुग्णांवर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत, इंजेक्शनासह नियमबद्ध फिजिओथेरपी, भूल देऊन सांधा मोकळा करणे आणि शस्त्रक्रिया या तिहींची तुलना झाली. कोणताही एक उपचार निर्विवाद श्रेष्ठ ठरला नाही.

यावरून त्या विणकराला काय सांगावे? पहिले हे की हात बांधून ठेवू नये. टेबलावर डावा हात टेकून, कमरेत वाकून, दुखरा हात सैल सोडावा व लंबकासारखा हलकेच झुलवावा. भिंतीसमोर उभे राहून बोटांनी चढत चढत हात वर न्यावा. दुखणे निवळू लागले की पाण्याने अर्धा भरलेला लोटा उचलण्यासारखे हलके वजन घ्यावे व ते हळूहळू वाढवावे. व्यायामात थोडे दुखले तरी घाबरू नये. मात्र ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकले तर प्रमाण कमी करावे. मागावरही एकदम दिवसभर न बसता प्रथम तास-दोन तास बसावे, मध्ये विश्रांती घ्यावी. फळ दिसण्यास सहा ते बारा आठवडे लागतात. गोठलेला खांदा तर कधी वर्ष-दोन वर्षेही घेतो.

मात्र आरंभ करण्यापूर्वी एकदा डॉक्टरांना दाखवून निदान करून घ्यावे व रक्तातील साखर तपासावी. मधुमेह असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढू शकते, हे डॉक्टरांशी बोलून घ्यावे. ताप, पडल्यानंतरची इजा, गाठ किंवा हाताला बधिरपणा असेल तर विलंब करू नये. खांद्याबरोबर छातीत दाटून येऊन घाम सुटला, तर ते दुखणे हृदयाचे असू शकते. तेव्हा तत्काळ रुग्णालय गाठावे.

आपल्या देशात फिजिओथेरपीचे शिक्षण १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले. आज अनेक सरकारी रुग्णालयांत हा विभाग असतो. आपल्या जिल्ह्यात त्याची चौकशी करावी, आणि तज्ज्ञाला भेटताच "मला घरी काय करावयाचे ते करून दाखवा" असे नि:संकोच म्हणावे. पानिपतच्या भगिनींनी शेजाऱ्यांना इतके पटविले, तर त्यांची मजुरी वाचेल आणि हातही वर जाऊ लागेल, अशी आशा बाळगण्यास आधार आहे. पुढे काय झाले ते त्यांनी अवश्य कळवावे.