शून्यं न लिहिणारा मुलगा



परवा मिरकरवाड्याला मासळी आणायला गेलो होतो. मावशींच्या टोपलीला टांगलेला क्यूआर कोड पाणी उडून उडून मधोमध पार पुसट झालेला. म्हटलं, "मावशी, हा कसला चालतोय?" त्या म्हणाल्या, "चालतो ओ गुरुजी, तुम्ही मोबाइल धरा तर खरं." धरला, आणि पैसे गेलेसुद्धा!

घरी येऊन नातवाला फोन लावला. तो पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. त्याने जे सांगितलं त्याने माझी झोप उडाली. का, ते शेवटी सांगतो.

दोन बिंदूंवरून रेषा ठरते, तीन बिंदूंवरून द्विघाती बहुपदी, हे आपण शाळेत शिकतो. म्हणजे घात १०० असेल तर १०१ किमती हव्यात. पण त्या बहुपदीत दोनच पदं असतील आणि बाकी सगळे सहगुणक शून्य असतील तर? हिला म्हणायचं विरळ बहुपदी. पदं दोनपेक्षा जास्त नाहीत एवढं ठाऊक असलं की चारच किमती पुरतात! मात्र कुठल्याही चार नाही चालत. एक योग्य संख्या निवडून तिचे ० ते ३ असे ओळीने घात घालायचे. मूळ कल्पना प्रोनी नावाच्या फ्रेंच गृहस्थांची, १७९५ सालची. बेन-ऑर आणि तिवारी यांनी १९८८ मध्ये त्याच धर्तीवर विरळ बहुपदी शोधण्याची रीत दिली.

संगणकाला हे सांत क्षेत्रात करावं लागतं, म्हणजे जिथे मोजक्याच संख्या आहेत तिथे. सोपं उदाहरण म्हणजे ७ ने भागून फक्त बाकी ठेवायची. २ चा सातवा घात १२८, बाकी २. ३ चा सातवा घात २१८७, बाकी ३. म्हणजे इथे क्ष आणि क्षचा सातवा घात किमतींवरून वेगळे ओळखूच येत नाहीत! म्हणून क्षेत्र पुरेसं मोठं घ्यावं लागतं.

क्यूआर कोड जपानात १९९४ मध्ये निघाला. त्यात रीड आणि सोलोमन यांची १९६० सालची रीत आहे, २५६ घटकांच्या क्षेत्रातली. डागामुळे झालेली चूक हीच एक विरळ बहुपदी. जिथे डाग तिथेच पद, बाकी शून्य. चूक कुठे आणि केवढी, असे दोन प्रश्न, म्हणून एका चुकीमागे दोन जादा चिन्हं आधीच भरून ठेवतात. सर्वांत भक्कम प्रकारात सुमारे ३० टक्के भाग बिघडला तरी मजकूर परत मिळतो.

आता झोप का उडाली ते. फार वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. लांबलचक बहुपदी दिली की तो शून्य सहगुणक लिहायचाच नाही. घात आणि सहगुणक यांच्या जोड्या तेवढ्या मांडायचा. "गुरुजी, नाही ते कशाला लिहायचं?" असं विचारायचा. उत्तर बरोबर असूनही मी त्याचे गुण कापले, वर बाकावर उभं केलं. पुढे त्याने गणिताचं नावच टाकलं.

शून्यं लिहायला लावण्यात तथ्य आहे, हे मान्य. भागाकारात जागा चुकली की सगळंच चुकतं. पण त्याने घात जपून ठेवले होते, जागा चुकायचा प्रश्नच नव्हता. आम्ही मास्तर मंडळी भरलेल्या पानाला गुण देतो, आतल्या पदांना नाही. माझं स्पष्ट मत आहे की मुलाने वेगळी मांडणी केली तर लाल शाई उचलण्याआधी त्याला एकदा "असं का केलंस?" विचारावं. मी नाही विचारलं.

असो. तुमच्या वर्गात होता का असा कोणी? जरूर कळवा.