विश्लेषण : पोकेमॉनच्या पत्त्यांत ३० गुणांची वाढ एवढी का बोचते?

पोकेमॉनच्या पत्त्यांच्या स्पर्धांमध्ये ३० हा आकडा तसा किरकोळ. तीनशेच्या घरात एचपी असलेल्या पोकेमॉनला तीस जास्त लागले काय आणि कमी लागले काय, असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटणे साहजिक आहे. पण २६ सप्टेंबर २०२५ रोजी ‘मेगा इव्होल्यूशन’ हा संच आला आणि त्यातल्या ‘प्रीमियम पॉवर प्रो’ या साध्या दिसणाऱ्या पत्त्याने स्पर्धक खेळाडूंना आपापल्या डेकची गणिते नव्याने मांडायला लावली. पत्त्यावरचा मजकूर एका ओळीचा आहे : तो खेळला की त्या पाळीत आपल्या फायटिंग प्रकारच्या पोकेमॉनचे अटॅक समोरच्या अॅक्टिव्ह पोकेमॉनला ३० गुण जास्त डॅमेज करतात. खरी मेख या ओळीत नाही. हा पत्ता ‘आयटम’ आहे, म्हणजे एका पाळीत असे हवे तितके पत्ते खेळता येतात, ही ती मेख.

३० गुण की अख्खी पाळी?

खेळाचा हिशेब थोडक्यात असा. डेक ६० पत्त्यांचा, एका नावाचे पत्ते जास्तीत जास्त चार. प्रत्येकाची सहा प्राइझ कार्डे बाजूला असतात आणि ती आधी उचलेल तो जिंकतो. साधा पोकेमॉन पाडला की एक, ‘इएक्स’ पाडला की दोन आणि नवा ‘मेगा इएक्स’ पाडला की तीन प्राइझ मिळतात. म्हणजे दोन मेगा पाडले की खेळ संपला.

पाळीत अटॅक एकच करता येतो आणि तो केला की पाळी संपते. त्यामुळे किती डॅमेज झाले यापेक्षा समोरचा किती अटॅकमध्ये पडला, हेच मोजायचे असते. ३१० एचपीच्या पोकेमॉनला ३०० लागले तर तो १० गुणांवर का होईना, जिवंत राहतो आणि पुढच्या पाळीत पूर्ण ताकदीने उलटा अटॅक करतो. मारणाऱ्याची अख्खी पाळी त्या १० गुणांपायी वाया जाते. अटॅक वाढवणारा पत्ता खरे तर ही पाळी विकत घेतो.

मेगा लुकारिओ इएक्सचे उदाहरण घेऊ, कारण या पत्त्याचा सर्वात मोठा लाभार्थी तोच. त्याचा ‘मेगा ब्रेव्ह’ हा अटॅक २७० डॅमेज करतो. गोल्डेंगो इएक्सचे एचपी २६०, तो तसाच पडतो. गार्डेव्होर इएक्सचे ३१०, ड्रॅगापुल्ट इएक्सचे ३२० आणि चॅरिझार्ड इएक्सचे ३३०. या तिघांनाही हा अटॅक सोसण्याची सोय होती. प्रीमियम पॉवर प्रोचे दोन पत्ते हातात आले की २७० चे ३३० होतात आणि ड्रॅगापुल्ट व चॅरिझार्ड एका अटॅकमध्ये जातात. तिसरा पत्ता आला तर ३६०. मेगा गार्डेव्होर इएक्सचे एचपी नेमके तेवढेच आहेत!

दुसरी गंमत कमजोरीच्या नियमात दडली आहे. वाढीव ३० गुण कमजोरी लागू होण्याआधी मिळवले जातात. लुकारिओचा दुसरा अटॅक ‘ऑरा जॅब’ एकाच एनर्जीत १३० डॅमेज करतो. फायटिंगची कमजोरी असलेल्या मेगा कांगास्खान इएक्सवर त्याचे दुप्पट, म्हणजे २६० होतात. एचपी ३०० असल्याने कांगास्खान वाचतो. पण एक पत्ता खेळला की १६० ची दुप्पट ३२०. एक एनर्जी आणि एक आयटम, एवढ्या भांडवलावर तीन प्राइझ. इतका स्वस्त सौदा फार कमी डेकना जमतो.

जुनीच युक्ती

अटॅक वाढवणारे पत्ते या खेळात पहिल्या संचापासून आहेत. १९९९ मध्ये इंग्रजीत आलेल्या बेस सेटमधला ‘प्लसपॉवर’ १० गुण वाढवायचा. तेव्हाच्या चॅरिझार्डचे एचपी होते १२०. बारावा हिस्सा वाढवणारा तो पत्ता आणि ३३० च्या चॅरिझार्डसमोर अकरावा हिस्सा वाढवणारा आजचा, यांत प्रमाणाचा फरक जवळजवळ नाही. त्यामुळे ‘आकडे फुगलेत’ ही तक्रार इथे फारशी टिकत नाही.

मधल्या काळात ही वाढ बहुतेक वेळा ‘टूल’ म्हणून दिली गेली. २०१४ चा ‘मसल बँड’ २० गुणांचा, २०१७ चा ‘चॉइस बँड’ आणि २०२२ चा ‘चॉइस बेल्ट’ ३० गुणांचे, तेही ठरावीक बड्या पोकेमॉनविरुद्धच. टूल एका पोकेमॉनला एकच जोडता येतो. २०२४ चा ‘मॅक्झिमम बेल्ट’ इएक्सविरुद्ध तब्बल ५० गुण देतो, पण तो ‘एस स्पेक’ असल्याने अख्ख्या डेकमध्ये असा एकच पत्ता ठेवता येतो. २०२५ च्या सुरुवातीला आलेला ‘ब्लॅक बेल्ट्स ट्रेनिंग’ इएक्सविरुद्ध ४० गुण वाढवतो. मात्र तो सपोर्टर आहे आणि सपोर्टर पाळीत एकच खेळता येतो. ४० गुण हवेत तर त्या पाळीत सपोर्टरने नवे पत्ते ओढणे विसरायचे. प्रत्येक ठिकाणी काहीतरी सोडावे लागत होते.

प्रीमियम पॉवर प्रोचे खरे भावंड म्हणजे २०१८ च्या ‘लॉस्ट थंडर’ संचातला ‘इलेक्ट्रोपॉवर’. तोही आयटम, तोही ३० गुणांचा, फक्त लाइटनिंग प्रकारासाठी. पुढच्याच वर्षी पिकाचू आणि झेक्रॉम यांची जोडगोळी आली. तिचा मुख्य अटॅक १५० चा, एचपी २४० आणि ती पाडली की तीन प्राइझ. तीन इलेक्ट्रोपॉवर खेळले की १५० चे २४० होत. म्हणजे समोर तीच जोडी असली तरी एका अटॅकमध्ये खलास. २०१९ मध्ये हा डेक आघाडीच्या डेकमध्ये गणला जात होता. तीन प्राइझचे बडे पोकेमॉन आणि एकावर एक चढणारा आयटम हा मेळ काय करू शकतो, हे पत्ते आखणाऱ्यांना ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही.

बचाव कशाचा?

‘फक्त फायटिंगसाठी’ या अटीला लगाम म्हणून पुढे केले जाते. ते पटण्यासारखे नाही. अख्खा डेकच त्या प्रकाराचा बांधला तर ती अट कुठे आड येते? लुकारिओच्या डेकमध्ये तर सोयही तयार आहे. सोलरॉक मैदानात असताना लुनाटोन हातातली एक फायटिंग एनर्जी टाकून तीन पत्ते ओढू देतो, आणि टाकलेली एनर्जी ऑरा जॅब परत बेंचवर आणतो. इतके पत्ते ओढणाऱ्याच्या हातात दोन पॉवर प्रो जमणे ही नशिबाची बाब उरत नाही.

खरा लगाम दुसऱ्याच दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे बड्यू. ३० एचपीचे हे पिल्लू एनर्जीशिवाय १० डॅमेजचा अटॅक करते आणि पुढच्या पाळीत समोरच्याला आयटम खेळूच देत नाही. ती पाळी पॉवर प्रोवाल्याला हात चोळत काढावी लागते. म्हणूनच काही खेळाडू चारही जागा त्याला न देता ब्लॅक बेल्टचा एखादा पत्ता ठेवतात, कारण सपोर्टरला बड्यू अडवू शकत नाही. दुसरा लगाम हातावरचा. दोन-तीन पॉवर प्रो एकाच पाळीत वापरायचे तर ते साठवावे लागतात. ‘आयोनो’ खेळला की दोघांचेही हात डेकच्या तळाशी जातात आणि उरलेल्या प्राइझइतकेच नवे पत्ते मिळतात. ऐन वेळी ती साठवण गेली की २७० चे २७० च राहतात. शिवाय मेगा ब्रेव्ह लागोपाठ दोन पाळ्यांत वापरता येत नाही, हा अडसर आहेच.

तरीही एक आक्षेप उरतो आणि तो रास्त आहे. टूल मैदानात उघडा दिसतो. समोरच्याच्या पोकेमॉनला बेल्ट जोडलेला आहे, म्हणजे ५० जास्त धरायचे, हे कळते आणि त्यानुसार मागे हटता येते, बेंचवरचा दुसरा पुढे करता येतो. आयटम मात्र मुठीत झाकलेला असतो. समोरच्याच्या हातात पाच पत्ते आहेत. त्यांत पॉवर प्रो शून्य आहेत की तीन, याचा अंदाज बांधताना २७० ते ३६० एवढी मोठी दरी मनात धरावी लागते. एचपी मोजून बचाव आखणे हे या खेळातले मोठे कौशल्य आहे आणि हा पत्ता नेमके तेच बोथट करतो. कित्येक महिने जपून बांधलेला ड्रॅगापुल्टचा डेक २० गुणांनी वाचणार असे धरून बसलेल्या मुलाला १० गुणांच्या फरकाने तो पडताना पाहावा लागतो. त्यात त्याची खेळातली चूक कुठली, हे सांगणे अवघड आहे.

बंदी घालावी इतका हा पत्ता उग्र नाही. ‘पाळीत एकच’ एवढी अट छापली असती, तर ३०० च्या वर एचपी असलेल्यांना मेगा ब्रेव्ह सोसण्याची आशा उरली असती आणि ऑरा जॅबला मिळणारा आधारही टिकला असता. छापलेला पत्ता तर बदलणार नाही. तोवर मेगा कांगास्खान असलेल्यांनी समोर रिओलू दिसताच त्याला अॅक्टिव्ह जागेवरून हलवावे, आणि ज्यांच्या डेकमध्ये जागा निघते त्यांनी बड्यूला ती द्यावी.