सोडलेली पिल्ले आणि मेलेल्या माद्या

मार्च सरू लागला की कोकण किनाऱ्यावरून आमच्याकडे तक्ते येतात. गाव, घरटी, अंडी, समुद्रात सोडलेली पिल्ले. आम्ही ते दरवर्षी छापतो आणि वाचक आवडीने वाचतात. पण त्याच हंगामात वाळूवर वाहून आलेल्या मेलेल्या मोठ्या कासवांचा रकाना या तक्त्यात नसतो.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये वेळासला घरटी राखायला सुरुवात केली, तेव्हा अंडी वाचवणे हीच पहिली निकड होती. घरटे उकरलेच जात असेल, तर पुढच्या साऱ्या चर्चा फोल. त्या कामाबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती तिथेच थांबण्याबद्दल.

ऑलिव्ह रिडलेची मादी एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, मग त्यांच्याकडे वळूनही पाहत नाही. पिल्लू वयात यायला दहाहून अधिक वर्षे लागतात. मॅकआर्थर आणि विल्सन यांनी १९६७ मध्ये मांडलेली ‘आर’ (पुष्कळ पिल्ले, लवकर वयात) आणि ‘के’ (थोडी पिल्ले, उशिरा वयात) ही जोडी आपण सगळेच शिकलो. पण अंडी मोजली तर कासव एका खणात बसते आणि वय मोजले तर दुसऱ्या. (परीक्षेत हा प्रश्न कोणी विचारत नाही, हे बरेच.) खण शोधण्यापेक्षा कोणत्या वयातला मृत्यू समूहाला सर्वांत महाग पडतो, हे विचारणे अधिक कामाचे.

डेबोरा क्राउस, लॅरी क्राउडर आणि हाल कॅसवेल यांनी १९८७ मध्ये ‘इकॉलॉजी’त नेमके तेच विचारले. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरची लॉगरहेड कासवे घटत होती. त्यांच्या आयुष्याचे सात टप्पे करून त्यांनी गणित मांडले. पहिल्या वर्षात एकही अंडे वा पिल्लू दगावले नाही असे धरले, तरी घट थांबेना. मोठ्या, पण अजून वयात न आलेल्या कासवांचे मरण कमी केले की मात्र समूह सावरत होता. पहिल्या वर्षातल्या जिवाचे प्रजनन-मूल्य १ धरले, तर अंडी घालणाऱ्या मादीचे ५०० हून अधिक भरले. रिडले लवकर वयात येते, त्यामुळे तिचे आकडे वेगळे निघतील. दिशा तीच राहील. एक मादी ट्रॉलच्या जाळ्यात गुदमरली, तर कित्येक घरट्यांची मेहनत तिच्याबरोबर गेली.

तारलीचे तसे नाही. ती लवकर वयात येते, थोडी वर्षे जगते, भरमसाट अंडी टाकते. एखादे बरे वर्ष तिला पुन्हा वर काढू शकते. जून-जुलैच्या मासेमारी बंदीचा तिला उपयोग आहे. रिडलेच्या माद्या मात्र हिवाळ्यापासून किनाऱ्याजवळ येतात, तेव्हा ट्रॉलर ऐन भरात असतात.

उपाय ठाऊक आहे. जाळ्याच्या गळ्यात गजांची तिरकी जाळी आणि वर कासवाला निसटायला फट. कोळंबी गजांमधून मागे जाते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्थेने आपल्या बोटींना साजेशी रचनाही केली. फटीतून मासळी जाते, हा तांडेलांचा आक्षेप खोटा नाही, आणि तो भाषणाने सुटणार नाही. दुसऱ्या बाजूला, अशी जाळी सक्तीने वापरली जात नाही म्हणून समुद्रात पकडलेल्या भारतीय कोळंबीला अमेरिकेने २०१९ पासून दार बंद केले आहे. त्या नुकसानीचा हिशेब बंदरावर बसून मांडायला हवा.

महाराष्ट्रात २०१८ च्या अखेरीस आलेली योजना आम्हाला म्हणूनच मोलाची वाटते: अडकलेला संरक्षित जीव जाळे कापून सोडला, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. इथे पैसा योग्य वयाच्या कासवावर खर्च होतो. कासव महोत्सवाच्या फलकांवर मात्र या योजनेला कोपराच मिळतो.

पुढील अंकापासून पिल्लांच्या तक्त्याशेजारी मृत कासवांचा तक्ता असेल. आधी वनरक्षकाला कळवावे, हे वाचकांना सांगायला नको. मग त्यांच्या समक्ष तारीख, किनारा, अंगावरच्या जाळ्याच्या खुणा आणि कवचाची लांबी नोंदवून पाठवा. लांबी मऊ टेपने, कवचाच्या बाकावरून घ्यावी. मोठ्या कासवाची शेपटी कवचाबाहेर बरीच लांब आलेली असेल तर नर लिहावे. शंका असेल तर रकाना मोकळा सोडावा.