भरवणाऱ्या हातांचा अधिकार

घरातील म्हातारे माणूस अंथरुणाला खिळले, त्याला घास गिळवेनासा झाला, की भावंडांत वाद सुरू होतो. नाकातून नळी घालावी की घालू नये? आईला उपाशी मारायचे काय, असे एक विचारतो. तिचे हाल आता पुरे, असे दुसरा म्हणतो. या वादाला माया आणि कर्तव्य यांची भाषा असते. परंतु घरातील श्रमांची वाटणी तपासल्याखेरीज त्याचा उलगडा होत नाही. सर्व उपचार करा, हा आग्रह पुष्कळदा दोन दिवसांसाठी परगावाहून आलेल्या मुलाचा असतो. रात्री उठून कूस बदलून देणारी, मलमूत्र काढणारी सून वा मुलगी त्या बैठकीत चहा आणून देण्यापुरती असते.

स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या अवस्थेत नळीने अन्न दिल्यास आयुष्य वाढते, अथवा न्यूमोनिया टळतो, असा पुरावा आढळलेला नाही. अशा रुग्णास हाताने, सावकाश, त्याला झेपेल तेवढेच भरवावे, असे वृद्धरोगतज्ज्ञ सांगतात. शरीर थकत जाते तशी भूकही सरते; मरण जवळ आले म्हणून अन्न सुटते, हे आपल्या आजीपणजींना ठाऊक होते. (पक्षाघातातून सावरू शकणाऱ्या रुग्णाची गोष्ट निराळी, तेथे नळी हा काही काळाचा आधार असतो.) मात्र हाताने भरवावयाचे तर एकेका जेवणाला बराच वेळ जातो. तो वेळ कोणाचा? नळीला माणूस कमी लागतो. दयेच्या नावाखाली घातलेली नळी अनेकदा मनुष्यबळाच्या टंचाईतून आलेली असते, आणि ही टंचाई कोणी उघडपणे बोलून दाखवीत नाही.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग 1973 साली झालेल्या अत्याचारानंतर 2015 मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच अंथरुणावर होत्या. सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या निकालात त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क त्यांना वर्षानुवर्षे भरवणाऱ्या रुग्णालयीन कर्मचाऱ्यांचा मानला. घरोघरच्या बिनपगारी परिचारिकांना तो मान अद्याप मिळालेला नाही.

याच न्यायालयाने 2018 मध्ये वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली आणि 2023 मध्ये त्याची पद्धत सुलभ केली. नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते आता करता येते. आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यावा, हेही त्यात लिहावयाचे असते. ते नाव थोरल्या मुलाचेच असावे, असे कोठेही म्हटलेले नाही.

इच्छापत्राने वाद मिटेल, रात्रीची जागरणे मिटणार नाहीत. केरळ सरकारने 2008 साली परिहार सेवेचे धोरण स्वीकारले. तेथे पंचायतींच्या आधाराने परिचारिका रुग्णाच्या घरी येते. आपल्या नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात अशा परिचारिकेसाठी किती रुपये आहेत, हे कार्यकर्त्यांनी येत्या सभेपूर्वी काढून पाहावे.